बाटलीत भरलेला महिना

नव्या फिश टँकमधला पहिला मासा मेला की घरातलं सर्वांत ज्येष्ठ माणूस सोफ्यावरून निकाल देतं, "घरावरचं संकट होतं. त्याने स्वतःवर घेतलं." यावर कुणी वाद घालत नाही. संकट टळल्याचं समाधान मोठं असतं आणि मासा वीस-तीस रुपयांचा असतो. दुसऱ्या दिवशी दुसरा मासा आडवा होतो, तेव्हा संकट वाटलं होतं त्यापेक्षा मोठं होतं असं ठरतं. आठवडा संपेपर्यंत सहाच्या सहा गेलेले असतात. एवढी संकटं एका वन बीएचके फ्लॅटवर चालून येत होती आणि आपल्याला पत्ताही नव्हता, या विचाराने घरमालक हादरतो आणि जाऊन आणखी सहा मासे आणतो.

संकट असतं हे खरंच आहे. फक्त ते घरावरचं नसतं, टँकमधलं असतं, आणि ते माशांनी स्वतःच तयार केलेलं असतं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. झोपेतसुद्धा टाकतो. त्याची विष्ठा आणि तळाशी पडलेले खाण्याचे दाणे कुजून त्यात भर घालतात. नदीत, तलावात हे खपून जातं, कारण तिथे पाणी अफाट आणि मासे त्या मानाने मोजके. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेच्या पेटीत मात्र खडीबिडी वजा जाता पन्नासेक लिटर पाणी उरतं, आणि तिथून अमोनियाला जायला वाटच नसते. पाणी उबदार आणि अल्कधर्मी असेल, म्हणजे आपल्याकडच्या बोअरिंगचं पुष्कळदा असतं तसं, तर लिटरमागे एखाद-दुसरा मिलिग्रॅमही कल्ले जाळायला पुरतो. मग मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. "बघा, ओळखायला लागलाय. हाक मारली की वर येतो," असं यजमान पाहुण्यांना सांगतात. पाहुणे हाक मारून बघतात. मासा वर असतोच.

या अमोनियाला गिऱ्हाईक आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइट काही साधुसंत नव्हे. ते माशाच्या रक्तात शिरून हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्याच्या कामातून बाद करतं, इतकं की रक्ताचा रंग तपकिरी होतो. नायट्रेट त्या मानाने गरीब स्वभावाचं. आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू मातीत, ओढ्यात, गटारात सगळीकडे असतात आणि टँकमध्ये न बोलावता येतात. फुकट येतात. फक्त त्यांना घाई नसते. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय सगळं मनासारखं मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना तेवढ्यासाठी अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. कारण हे आयतं खाणारे नव्हेत. अमोनिया किंवा नायट्राइटमधून जी तुटपुंजी ऊर्जा मिळते तेवढ्यावर, पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून, ते आपलं शरीर स्वतः बांधतात. एवढ्या कष्टाच्या भाकरीवर कुटुंब झपाट्याने वाढत नाही. म्हणून नवा टँक माशांना राहण्याजोगा व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

मराठी माणसाला धीर नसतो असं नाही. म्हाडाच्या लॉटरीची तो वर्षानुवर्षं वाट बघतो, इमारतीच्या रीडेव्हलपमेंटची तर पुढच्या पिढीच्या वतीनेही बघतो. पण हॉलमध्ये काचेचा टँक आहे, त्यात पाणी आहे, खडी आहे, प्लास्टिकचा पाणबुड्या आहे, फिल्टर बुडबुडे काढतोय, वर निळा दिवा लागलाय आणि आत मासा नाही, हे चार आठवडे बघणं त्याला जमत नाही. त्याला जमलं तरी पाहुण्यांना जमत नाही.

"मासे कुठे लपलेत?"

"नाहीत अजून."

"गेले?"

"आणलेच नाहीत."

"मग मोटर कशाला चालू आहे?"

"पाणी तयार होतंय."

पाहुणे एकदा टँककडे आणि एकदा स्वयंपाकघरातल्या नळाकडे बघतात. तयार पाणी तर तिथेही येतं.

"आणि ही डबी कसली?"

"नवसागर. अमोनिया तयार होतो त्यातून. रोज चिमूटभर घालायचा."

"माशांसाठी?"

"मासे नाहीत ना अजून."

"मग कुणासाठी?"

"जिवाणूंसाठी."

पाहुणे सोफ्यावर जरा मागे सरकून बसतात आणि चहा जपून पितात.

नवसागराची ही पद्धत खरं तर सगळ्यांत शहाणपणाची. माशांचे हाल न करता जिवाणूंना अमोनिया पुरवायचा, लिटरमागे दोनेक मिलिग्रॅम, आणि तेवढा अमोनिया चोवीस तासांत साफ होऊन नायट्राइटही शून्यावर आलं की मासे आणायचे. पण नवसागर आणायला जाणं हे वेगळंच प्रकरण आहे. एकेकाळी कल्हईवाल्याच्या पेटीत हा हमखास असायचा. कल्हई गेली, आणि आता नवसागराचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक गावठी दारूच्या भट्टीवर छापा पडला की, गुळाच्या शेजारी. त्यामुळे चष्मा लावलेला निवृत्त बँक अधिकारी दुकानात जाऊन "स्वच्छ प्रतीचा नवसागर आहे का?" असं विचारतो तेव्हा दुकानदार आधी त्याच्याकडे, मग त्याच्या पिशवीकडे बघतो. पिशवीत गूळ असेल तर संपलंच. "मासे पाळतोय हो," असा खुलासा केल्याने संशय कमी होत नाही.

नवसागर नको असेल तर जुनी पद्धत कोलंबीची. एक कच्ची कोलंबी रिकाम्या टँकमध्ये टाकायची आणि कुजू द्यायची. कुजताना ती अमोनिया सोडते. हा उपाय महाराष्ट्रात कुठेच चालत नाही. शाकाहारी घरात वीस जिवंत मासे हॉलमध्ये चालतात, एक मेलेली कोलंबी चालत नाही. मालवणी घरात आक्षेप उलट्या बाजूने येतो. सोलून हळद-मीठ लावायच्या लायकीची कोलंबी मुद्दाम कुजवायला पाण्यात टाकणारा माणूस जावई म्हणून कसा निवडला, याची चौकशी थेट वेंगुर्ल्यापर्यंत जाते.

नेमक्या अशा अडलेल्या क्षणी दुकानदार काउंटरखालून बाटली काढतो.

"साहेब, महिनाभर थांबायचे दिवस गेले. हे ओता आणि संध्याकाळी मासे सोडा. जिवंत बॅक्टेरिया आहेत आत. कोट्यवधी."

साहेब बाटली उजेडात धरून बघतात. कोट्यवधींपैकी एकही दिसत नाही. झाकण उघडलं तर कधीकधी सडक्या अंड्याचा वास येतो. "वास येतोय म्हणजे जिवंत आहेत," दुकानदार सांगतो. वास येत नसेल तर "इम्पोर्टेड आहे" असं सांगतो. बाटलीसोबत तो दोन गोष्टी आणखी देतो. एक म्हणजे मिथिलीन ब्लू नावाचं निळं औषध, मासे आजारी पडू नयेत म्हणून. ते जिवाणूंनाही सोसत नाही, पण दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत, एकाच बिलावर येतात. दुसरी गोष्ट म्हणजे सकर मासा, "हा घाण खातो, टँक धुवायलाच नको." सकर खातो हे खरं. खाल्लेलं पुढे कुठे जातं हे गिऱ्हाईक विचारत नाही. हाताच्या बोटाएवढा घेतलेला सकर यथावकाश फूटभराच्या वर जातो आणि दोन फुटी टँकमध्ये त्याला वळायचं असेल तर बाकीच्यांना कडेला व्हावं लागतं.

बाटली मात्र साधी वस्तू नाही. तिच्या पोटात सुमारे दीडशे वर्षांचं विज्ञान आहे आणि त्यातला बराचसा भाग वाट बघण्याचा आहे. 1877 साली पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघा शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका उभ्या नळीतून गटाराचं पाणी झिरपत ठेवलं. अमोनियाचं नायट्रेट होणं हा निव्वळ रसायनाचा मामला आहे असं तोवर बरेच जण मानत. रसायनाचा मामला असता तर पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं. झालं नाही. वीसेक दिवस अमोनिया गेला तसा बाहेर आला. मग नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम बंद पडलं. नंतर थोड्या मातीचं पाणी घातलं, काम पुन्हा सुरू झालं. म्हणजे जे काही आत होतं ते जिवंत होतं. जगातलं पहिलं 'पाणी तयार करणं', त्यातली पहिली हत्या आणि पुनरुज्जीवन हे सगळं या एका नळीत उरकलं. मासा त्यांनीही आणला नव्हता. पण त्यांच्याकडे बहुधा पाहुणे येत नसावेत.

ते जिवाणू वेगळे काढायला आणखी तेरा वर्षं गेली. सेर्गेई विनोग्राड्स्की हा रशियन माणूस आधी सेंट पीटर्सबर्गला पियानो शिकत होता. तो नाद सोडून विज्ञानाकडे वळला आणि 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये त्याने हे जिवाणू पकडले. तोवर ते हाती लागत नव्हते, कारण प्रयोगशाळेत जिवाणूंना सगळे चांगलंचुंगलं खायला घालत, आणि यांना खाऊ घातलं की हे वाढत नाहीत, दुसरेच वाढतात. विनोग्राड्स्कीने अन्नच काढून घेतलं आणि नुसता अमोनिया आणि क्षार ठेवले. पाहुणचार बंद केल्यावर खरे रहिवासी दिसले. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावं त्यानेच दिली. पियानो सोडल्याने संगीताचं किती नुकसान झालं हे मी सांगू शकत नाही, पण फिश टँकवाल्यांचं कल्याण झालं.

तसं या मंडळींचं भारतात पूर्वीपासून मोठं नाव. बिहारच्या गावांत गोठ्याभोवतीच्या, मूत्र मुरलेल्या मातीतून नोनिया समाजाचे लोक सोरा काढत. त्या मातीत अमोनियाचं नायट्रेट कोण करत होतं? हेच. तो सोरा पाटण्याहून जहाजं भरभरून ईस्ट इंडिया कंपनीने नेला आणि त्याची बंदुकीची दारू केली. युरोपातल्या लढायांना ज्यांनी दारूगोळा पुरवला, ते आज डोंबिवलीत चार गप्पी आणि दोन मॉलींची विष्ठा आवरतात. आणि वर त्यांना बाटलीत बसून यावं लागतं.

आता त्या बाटलीत नेमकं कोण बसलंय हा प्रश्न. लेबलवर "फायदेशीर जिवाणू" एवढंच लिहिलेलं असतं. शेजारधर्माला कोण कसा आहे हे फ्लॅट विकणारा ज्या मोघमपणे सांगतो, त्याच मोघमपणे. काही बाटल्यांत बॅसिलस जातीचे जिवाणू असतात. यांचं एक बरं असतं. परिस्थिती वाईट झाली की ते बीजाणू करून स्वतःभोवती कवच बांधून पडून राहतात, त्यामुळे दुकानाच्या फळीवर वर्ष-दोन वर्षं धूळ खात राहिले तरी चालतं. पण त्यांचं काम तळाचा गाळ कुजवण्याचं. गाळ कुजला की तयार काय होतं? अमोनिया. ज्यासाठी बाटली आणली तेच बाटली वाढवते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "एक बाटली कमी पडली वाटतं."

खरोखर अमोनिया आणि नायट्राइट संपवणारे जिवाणू ज्या बाटलीत असतात, त्यांची कथा आणखी करुण. यांना बीजाणू करता येत नाहीत. ते बाटलीत जिवंत असतात आणि उपाशी असतात. थंड ठेवले तर काही महिने तग धरतात. गोठले तर मरतात, उन्हात तापले तरी मरतात. आता ही बाटली परदेशातून निघून मुंबईच्या गोदामात येते, तिथून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पत्र्याच्या टेंपोत बसून अकोल्याला जाते. बाहेर 44 अंश. टेंपोच्या आत किती, हे ड्रायव्हरला विचारा. तो पुढे बसलेला असतो तरी सांगू शकेल. अकोल्याच्या दुकानात पोचल्यावर बाटली एसीत ठेवतात, कारण लेबलवर तसं लिहिलंय. मृतांना थंडावा मिळतो.

बाटलीत योग्य माणसं भरलीत की नाहीत याबद्दल खुद्द बाटली भरणाऱ्यांचीही बरीच वर्षं फसगत झाली होती. सगळी पुस्तकं सांगत की नायट्राइट संपवतो तो विनोग्राड्स्कीचा नायट्रोबॅक्टर, म्हणून बाटलीत नायट्रोबॅक्टर. 1998 साली टिमोथी हॉव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमध्ये प्रत्यक्ष तपासून बघितलं तर नायट्रोबॅक्टर सापडेना. काम भलताच कुणीतरी, नायट्रोस्पिरा नावाचा, करत होता. इतकी वर्षं हार एकाच्या गळ्यात आणि घाम दुसऱ्याचा. हॉव्हानेकांनी पुढे स्वतःच बाटल्या विकायला काढल्या, यात मला काही गैर वाटत नाही. खरा कामगार ज्याने हुडकला त्याने दोन पैसे कमवावेत.

पण तिथेही गोष्ट थांबली नाही. 2005 साली अमोनिया खाणारा एक जीव वेगळा काढण्यात आला, जो जिवाणूच नव्हता, आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातला होता. तो सापडला सिॲटलच्या सार्वजनिक मत्स्यालयात, खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या खडीत. तिकीट काढून आलेले लोक वरचे मासे बघत होते आणि शोध खाली खडीत बसून होता. पुढे गोड्या पाण्याच्या टँकच्या फिल्टरमध्येही या कुळातली मंडळी मोठ्या संख्येने निघाली. आणि 2015 मध्ये कळलं की नायट्रोस्पिराच्या काही जाती अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं दोन्ही टप्प्यांचं काम एकट्यानेच करतात. या दोन कामांना दोघं लागतात हे शंभराहून जास्त वर्षं परीक्षेत लिहून मार्क मिळवलेल्यांनी आता काय करायचं, याबद्दल कुठल्याच विद्यापीठाने परिपत्रक काढलेलं नाही.

बाटली थोतांड आहे असं माझं म्हणणं नाही. योग्य जिवाणूंची, मुदतीतली, थंड राहिलेली बाटली मिळाली आणि पाण्यात त्यांना खायला अमोनिया असला तर चार-सहा आठवड्यांचं काम एक-दोन आठवड्यांवर येऊ शकतं. "संध्याकाळी मासे सोडा" हे मात्र दुकानदाराचं काव्य. शिवाय बाटली ओतली म्हणजे जिवाणू पाण्यात पोहत राहत नाहीत. ते स्पंजवर, खडीवर, फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या नळकांड्यांवर जाऊन चिकटतात आणि तिथे संसार थाटतात. संसाराची मर्यादा किती? जेवढा अमोनिया तेवढीच लोकसंख्या. दोन माशांच्या टँकमध्ये दहा बाटल्या ओतल्या तर आठ बाटल्यांचे उपाशी मरतील. मरून पुन्हा अमोनियाच होतील.

आणि हे सगळं नीट जुळून आलं तरी पुढे मराठी घर आहे.

पहिला घाव पालिकेचा. भांडुपचं असो की पर्वतीचं, जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात क्लोरीन घालतात ते जिवाणू मारण्यासाठीच, आणि करदात्याच्या पैशातून घालतात. नागरिक ते पाणी टँकमध्ये भरतो आणि त्यात पदरच्या पैशाने आणलेले जिवाणू ओततो. हायपोचे चार खडे टाकले की क्लोरीन मरतो, पण खडे आठवतात ते बाटली ओतून झाल्यावर.

दुसरा घाव पाणी पांढुरकं झाल्यावर. नव्या टँकमध्ये दोन-चार दिवसांनी भलत्याच जिवाणूंची झुंबड उडते आणि पाणी तांदूळ धुतल्यासारखं दिसू लागतं. आपोआप निवळतं ते. पण "पाणी खराब झालं" अशी हाक उठते आणि बाल्दीने सगळं पाणी बाहेर.

तिसरा घाव रविवारी सकाळी. आपल्याकडे स्वच्छता हा संस्कार आहे आणि संस्कार स्पंजपर्यंत पोचतो. टँक रिकामा होतो, मासे पातेल्यात जातात, खडी चाळणीत घालून नळाखाली खळखळून धुतली जाते, आणि तपकिरी, बुळबुळीत झालेला फिल्टरचा स्पंज भांड्यांच्या साबणाने पिवळाधमक होईपर्यंत पिळला जातो. ती बुळबुळ म्हणजेच तो संसार. आठ आठवड्यांत उभा राहिलेला, सोरा करणाऱ्यांच्या वंशजांचा. दुपारी टँक आरशासारखा लखलखत असतो, घर कौतुकाने बघतं, आणि बुधवारी एक मासा घरावरचं संकट अंगावर घेतो. दिवाळीच्या साफसफाईत तर पाणबुड्यासुद्धा ब्लीचमध्ये भिजतो.

खरा न्याय करते ती टेस्ट किट. छोट्या काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग तक्त्याशी ताडून बघायचा. अमोनियासाठी पिवळा म्हणजे शून्य, हिरवा म्हणजे धोका. कागदावर सोपं आहे. घरात तेवढ्यावरून दोन पक्ष पडतात. ज्याला मासे आणायची घाई त्याला पिवळा दिसतो, ज्याला वीजबिलाची चिंता त्याला हिरवा. कुणी नळी खिडकीपाशी नेतो, कुणी ट्यूबलाइटखाली. शेवटी सर्वांत लहान मुलाला विचारतात आणि ते सांगतं, "पोपटी." तक्त्यात पोपटी नाही.

आमच्या इमारतीत या सगळ्यावर तोडगा निघाला तो माझ्या धाकट्या मेहुण्यामुळे. तो साताऱ्याला असतो आणि त्याच्याकडे कित्येक वर्षं न थांबता चाललेला टँक आहे. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या हातात तिसरी बाटली बघून तो म्हणाला, "दाजी, ह्यांना सांगा, बाटली कशाला? माझा घाण स्पंज देतो की अर्धा कापून. दुसऱ्या दिवशी टँक चालू."

जुन्या टँकमधला स्पंज म्हणजे विरजण. दूध कितीही चांगलं तापवलं तरी नुसतं बघत बसून दही लागत नाही, शेजारून चमचाभर आणावं लागतं, तेच हे. नियमही तेच. विरजण कुणाच्या घरचं आहे हे बघून घ्यायचं, कारण आंबटपणा सोबत येतो. स्पंजासोबत गोगलगायींची अंडी येतात आणि देणाऱ्याच्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल तर तोही येतो. कोरडं पडू द्यायचं नाही, धुवायचं तर नाहीच. काकूंनी एक नियम स्वतःहून वाढवला. तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत, तर स्पंजही तेव्हा आणू नये. मेहुणा म्हणाला, "सकाळच्या एसटीने आणतो."

आणलाही. टँकच्याच पाण्यात बुडवून, पिशवीत हवा ठेवून, मांडीवर धरून. शिरवळच्या आसपास शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय आहे हो?" त्याने सांगितलं, "बॅक्टेरिया." स्वारगेटपर्यंत त्याला दोन सीट मिळाल्या.

अर्धा स्पंज काकांच्या फिल्टरमध्ये बसला. काकांनी मोजके मासे सोडले, खाणं चिमटीनेच घातलं, आणि किट रोज पिवळी दाखवू लागली. पिवळ्याबद्दल या वेळी घरात एकमत होतं. ही बातमी लिफ्टमधून सगळ्या मजल्यांवर गेली. चौथ्या मजल्यावरून निरोप आला, पाचव्यावरून आला, बी विंगमधल्या एका वहिनींनी तर वाटी घेऊन मुलाला पाठवलं. स्पंज किती जणांना पुरणार? मेहुण्याने उरलेला तुकडा बादलीत पिळला. गडद तपकिरी पाणी निघालं, त्यातही ऐवज असतोच. ते त्याने पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं. एका बाटलीला कागद चिकटवला आणि स्केचपेनने लिहिलं, "घरगुती. ताजं. साबण लावू नये." काकांनी पैसे विचारले तेव्हा तो लाजला, पण नाही म्हणाला नाही. मग पेनाचं टोपण दातात धरून त्याने माझ्याकडे बघितलं.

"दाजी, एक्सपायरी कुठली टाकू?"